जळगावातील सीटी स्कॅन केंद्र: आत्याच्या फुप्फुसातील गाठीचा अहवाल

चोपडा तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याला चार महिने कोरडा खोकला होता. तंबाखूला तिने जन्मात हात लावलेला नाही. धूर म्हणाल तर पऱ्हाट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके दिसल्यामुळे, थुंकीत जंतू सापडले नसतानाही, दोन महिने क्षयाची औषधे चालली आणि वजन उतरतच गेले. त्यानंतर आम्ही तिला जळगावातील या केंद्रात नेले. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही मांडायची आहे.

चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून औषध देण्यापूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल पाहिला गेला आणि मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे, हेही विचारले गेले. प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांतच आटोपली. ‘अंगभर ऊन पाणी फिरल्यासारखं वाटलं,’ एवढेच आत्या म्हणाली.

या केंद्राची खरी किंमत मला कळली ती रेडिओलॉजिस्टनी पडदा आमच्याकडे वळवला तेव्हा. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २६ मिलिमीटरची गाठ होती. तिचा मधला भाग भरीव, कडेला घासलेल्या काचेसारखी धूसरता, काठ काटेरी, आत श्वासनलिकेची काळी रेघ अजून मोकळी, आणि शेजारचे आवरण आत ओढले गेलेले. उरलेल्या फुप्फुसांत सर्वत्र बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके होते, आणि त्यांनीच क्षयाचा भास निर्माण केला होता. धूम्रपान न करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात असे चित्र दिसले की ईजीएफआर या जनुकातील बदलाची शक्यता वाढते, असे त्यांनी सांगितले. एएलके जनुकाची जुळणी बदललेली असेल, तर गाठ बहुधा पूर्ण भरीव असते, धूसर कडा क्वचितच दिसते, आणि रुग्ण अनेकदा तरुण असून लसिकाग्रंथी सुजलेल्या किंवा छातीत पाणी झालेले आढळते. केआरएएस या जनुकातील बदल धूम्रपान करणाऱ्यांत अधिक सापडतो आणि तिथेही गाठ भरीव असण्याकडेच कल असतो. मात्र ही लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या चित्रावरून जनुक ठरवता येत नाही. ‘भाऊ, हा माझा अंदाज आहे, यावर गोळी सुरू करू नका, तुकडा काढावाच लागेल,’ असे त्यांनी दोनदा बजावले. लेखी अहवालातही त्यांनी जनुकाचे नाव घातले नाही. क्षयापेक्षा कर्करोगाचा संशय अधिक असल्याचे नमूद करून बायोप्सी व जनुकीय चाचणीची शिफारस केली. हा संयम मला यंत्राच्या नवेपणापेक्षा मोलाचा वाटतो.

बायोप्सीही तिथेच, सीटीवर पाहत सुई घालून झाली. पेशींचा प्रकार ठरवण्यातच नमुना संपला तर जनुकीय चाचणीला काही उरत नाही, म्हणून त्यांनी एकाऐवजी चार तुकडे घेतले. नंतर फुप्फुसाभोवती हवा साठली नाही ना, हे पाहण्यासाठी आत्याला काही तास थांबवून घेतले. निदान ॲडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे आले, आणि मुंबईला पाठवलेल्या नमुन्यात ईजीएफआरच्या एक्झॉन १९ चा (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक खंड) तुकडा गळालेला आढळला. एक्झॉन २१ मधील एल८५८आर नावाचा बदल आणि हा, असे दोन बदल मिळून ईजीएफआरचे बहुसंख्य रुग्ण होतात. अशा बदलांवर लक्ष्यित (त्या बदलावरच नेम धरणाऱ्या) गोळ्या चालतात हे २००४ मध्ये स्पष्ट झाले होते. आत्याची रोजची एक गोळी त्याच वर्गातली आहे.

आता तक्रार. आम्हाला मिळालेल्या सीडीत फक्त पाच मिलिमीटर जाडीचे काप (स्कॅनमधील एकेका थराची चित्रे) होते. एवढ्या जाड कापांत धूसर कडा आणि भरीव भाग यांची सीमा पुसट होते, म्हणून कर्करोगतज्ज्ञांनी एक मिलिमीटरचे काप मागितले. फोनवर ‘मिळेल’ असे सांगितले गेले, प्रत्यक्षात चोपड्याहून पुन्हा एक खेप पडली, आणि खिडकीवरच्या माणसाने तीच जुनी सीडी पुढे केली. आत डॉक्टरांपर्यंत गेल्यावर दहा मिनिटांत काम झाले.

पाचपैकी चार गुण. तीन महिन्यांनी गोळीचा परिणाम पाहण्याचा स्कॅनही आम्ही इथेच केला. या वेळी पातळ कापांची सीडी पैसे भरतानाच पावतीवर लिहून घेतली होती.