ठाण्याच्या उकाड्यात कोंबुचाचं स्टार्टर किट

माझा भाचा ब्रिस्टलला घरी बिअर बनवतो. हॉप्स (कडवट फुलं) घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या दाट पाकाचा, 1.7 किलोचा डबा, किलोभर साखर, यीस्टची पुडी आणि पाणी, की झाली 23 लिटर. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे विनापरवाना ती बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय त्या यीस्टला मानवतं 20 अंशांच्या आसपासचं तापमान, ते ठाण्यात, चरईत तिसऱ्या मजल्यावर एप्रिलमध्ये आणायचं कुठून? म्हणून आंबवण्याची हौस मी कोंबुचावर, म्हणजे आंबवलेल्या गोड चहावर भागवते. त्याला आपला उकाडा चांगलाच मानवतो.

किट ऑनलाइन मागवलं, हजाराच्या आत पडलं. त्यात तीन लिटरची काचेची बरणी, काळा चहा, मलमलचं फडकं, पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या, आकडा जितका कमी तितकं आंबट) पट्ट्या आणि मुख्य म्हणजे आंबट पाण्यात बुडवलेली स्कोबीची, म्हणजे चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टच्या थराची चकती. पैसे वसूल होतात ते या चकतीतच. हातात घेतली तर ओल्या रबरासारखी, जाड आणि चिवट, वास स्वच्छ व्हिनेगरचा. सोबत आंबट पाणीही भरपूर दिलंय, हे फार महत्त्वाचं. चहा सुरुवातीपासूनच पुरेसा आंबट असला, म्हणजे पीएच साधारण 4.2 च्या खाली, तर बुरशीला शिरकाव मिळत नाही.

दोन लिटर पाणी उकळून त्यात चहा आणि 150 ग्रॅम साखर घालायची, पूर्ण गार झालं की चकती तिच्या आंबट पाण्यासकट सोडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर पातळ, दुधट पापुद्रा धरतो, खाली तपकिरी धागे लोंबायला लागतात. सासूबाईंनी बरणी उजेडात धरून विचारलं, "अगं, ही बुरशी तर नाही ना?" नव्हती. ते धागे यीस्टचे असतात. बुरशी कोरडी आणि केसाळ असते, पांढरी, हिरवी किंवा काळी. ती दिसली तर चकतीसकट सगळं टाकून द्यायचं, वरवर खरवडून चालत नाही.

माझी तक्रार आहे ती माहितीपुस्तिकेबद्दल. ती थंड देशासाठी लिहिलेली आहे. बरणी उबदार कोपऱ्यात ठेवा, दहा ते चौदा दिवस वाट बघा, वगैरे. ठाण्यात मे महिन्यात चौदा दिवस ठेवलं तर हाती व्हिनेगरच येणार. इथे पाचव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने रोज चाखत जावं आणि गोड-आंबट जमलं की लगेच गाळावं. पीएचच्या पट्ट्याही 1 ते 14 अशा सरधोपट आहेत. त्यांच्यावर 3 आणि 4 मधला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो. फडक्याला मात्र पूर्ण गुण. वीण इतकी घट्ट की आंब्याच्या दिवसांतही एक चिलट आत गेलं नाही.

जास्त बनवायचं म्हणून घरातली जुनी चिनी मातीची लोणच्याची बरणी काढू नका. काही बरण्यांच्या झिलईत शिसं असतं आणि आंबट द्रवात ते उतरतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमही नको. जांभळी नाक्याच्या बाजारात साध्या काचेच्या बरण्या मिळतात, त्या घ्या.

फसफस हवी असेल तर गाळलेला कोंबुचा बाटलीत भरून वर थोडी साखर आणि आलं घाला, किंवा आमसूल. आमसूल बिनमिठाचं हवं. किटमध्ये बाटल्या नाहीत, ते एका परीने बरंच. शोभेच्या पातळ काचेच्या बाटल्या दाबाने फुटतात. मी सोड्याची प्लॅस्टिकची बाटली वापरते, दाबून कडक लागली की थेट फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात त्याला दोन दिवस पुष्कळ होतात. आणि हो, यात थोडं अल्कोहोल तयार होतंच, बाहेर जास्त दिवस राहिलं तर वाढतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये. पुस्तिकेत ही सूचना शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, ती पहिल्या पानावर हवी होती.