कार्बन फायबरच्या नावाखाली ॲल्युमिनियम : २९० डॉलरचा ट्रायपॉड

जानेवारीतली पहाट, थंडी गोठणबिंदूच्या आसपास. हातमोजा काढून रायफल टेकवायच्या ट्रायपॉडचा पाय धरला आणि बर्फाच्या लादीला हात लावावा तसं झालं. माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती, कारण कार्बन फायबर एवढं गार लागत नाही. पेटली नाही. समोर चितळं होती ना!

हो, चितळंच. मी अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला राहतो. इथून पश्चिमेला हिल कंट्रीत आपली चितळं १९३२ च्या सुमारास आणून सोडली होती, ती आता मोकाट वाढली आहेत. बाहेरचा प्राणी म्हणून त्यांना बंद हंगाम नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं चितळाच्या शिकारीला बंदी आहे. हे वाचून तिकडे कुणी भलतं काही करू नका.)

कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांचा टेकू म्हणजे झाडाचं बेचकं, फुकटातलं. माझ्याकडे आधी रायफलला लावायचा बुटका, दोन पायांचा बायपॉड होता. पालथं झोपून मारायला तो छान, पण इथे गुडघाभर गवत. झोपलं की रायफलवरच्या दुर्बिणीत नुसती गवताची पाती. दोन काठ्यांची स्टिक घेऊन पाहिली, तर ती आडवी डुलते. म्हणून उभ्यानं वापरायचा, रायफल पकडणाऱ्या क्लॅम्पचा ट्रायपॉड घ्यायचं ठरवलं. असले चांगले कार्बनचे ट्रायपॉड दुकानात सहजी ७०० डॉलरच्या वर जातात.

एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या जत्रेत, टेबलावर तसाच मिळाला, २९० ला. पायांवर कार्बनची ती काळी चौकटीदार वीण, खोक्यावर ‘३० किलो भार’. विक्रेत्यानं मधल्या हुकाला चांगलं जड वजन लटकवून दाखवलं. ट्रायपॉड हलला नाही. पण तेव्हा पाय पूर्ण मिटलेले होते आणि वजन सरळ खाली ओढत होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. शिकारीत माणूस मागून पुढे रेलतो, तेही पाय पूर्ण उघडून. ‘शेवटचे दोन उरलेत’ आणि ‘कार्डाचं मशीन बंद आहे’ ही दोन्ही वाक्यं मी ऐकून घेतली. मंडईत मेथीची जुडी दहादा उलटून बघणारा मी, रोख मोजून मोकळा झालो. पावतीवर ना नाव ना पत्ता, फक्त ‘माल परत घेतला जाणार नाही’.

तर त्या पहाटे १४० यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. रायफल क्लॅम्पमध्ये बसवली, खांदा लावून रेललो. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, अजून काढायची होती, हे नशीब. खस्स आवाज झाला, पुढचा पाय चार बोटं आत गेला आणि दुर्बिणीतलं चितळ जाऊन माती आली. पाय घट्ट धरणारा लॉक पुन्हा पिळला, पुन्हा खस्स. तिसऱ्यांदा काही करेपर्यंत कळप कान टवकारून सीडरच्या झुडपांत गेला होता. हे सगळं बोट ट्रिगरवर असताना झालं असतं तर जनावर पोटात गोळी घेऊन पळालं असतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

घरी येऊन ट्रायपॉडच्या पायाच्या टोकाचं रबरी बूट पिळून काढलं. खरा कार्बन कापलेल्या कडेला आरपार काळा दिसतो. इथे चकचकीत चांदीसारखी कड, म्हणजे ॲल्युमिनियम. वीण म्हणजे छापील प्लास्टिक, नखानं कोपरा उचलला तर मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखं सोलून आलं. लॉकच्या आतली प्लास्टिकची चकती उभी तडकलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन २.३ किलो, खोक्यावर १.६.

विक्रेता फोनवर आधी म्हणाला, ‘घट्ट पिळलं नसेल.’ नंतर फोन उचलेनासा झाला. क्रेडिट कार्ड वापरलं असतं तर बँकेकडे वाद घालता आला असता. रोखीला कोण वाली? फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली आहे, पण ते एकेकाचे पैसे सोडवून देत नाहीत.

आता मी ट्रायपॉड बघतो तो असा : सगळे पाय पूर्ण उघडायचे, लॉक नेहमीच्या ताकदीनं पिळायचे आणि छातीचा भार टाकून पुढे रेलायचं, मिनिटभर. मग बूट काढून कड बघायची. ताडोब्याला मोठी लेन्स घेऊन जाणाऱ्यांनीही ही कड बघावी; ही वीण कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवरही छापता येते.

पुढच्या गन शोला तोच गडी होता, टेबलावर तेच ‘शेवटचे दोन’. एक पोरगा पाकीट काढत होता. मी त्याला म्हटलं, आधी बूट उघडून बघ. विक्रेत्यानं ट्रायपॉड उचलून टेबलाखाली ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘हा विकला गेलाय.’