शेतचारीच्या बांधाला वाळा लावला, नर्सरीला 5 पैकी साडेतीन

गेल्या जूनमध्ये नाशिकजवळच्या एका नर्सरीतून वाळ्याचे, म्हणजे खस गवताचे, 900 ठोंब (मुळासकट फुटवे) घेतले, नाव टाकत नाही कारण माणूस ओळखीचा आहे. आमची शेतचारी (शेतात पाणी आणणारा पाट) मातीचीच, त्यात काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की दरवर्षी त्याच जागी बांध फुटणार म्हणजे फुटणार, मग रात्री दोनला बॅटरी धरून गोण्यांत माती भरत बसा. तिथे पूर्वी जुनी बाभूळ होती, ती तोडली पण मुळं आतच सडली आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढायचं, हे खोदल्यावर कळलं. म्हणून झाड नको, गवत पाहिजे.

आता तक्रार. पोत्याच्या तळातले दोनेकशे ठोंब खडखडीत वाळलेले, फोन केला तर बदलून देतो म्हणाले, अजून देतायत. वरून एक एक फुटावर लावा म्हणे! तसं लावलं असतं तर मधून माती गेलीच असती, अर्धा फूट किंवा त्याहून जवळ लावलं तरच दाट कुंपण होतं. मी 60 मीटरला दोन ओळी लावल्या, सुकलेल्यांच्या जागी नंतर शेजाऱ्याकडून ठोंब आणून नांग्या (रिकाम्या जागा) भरल्या. सावलीत वाळा धरत नाही हे पण सांगितलं नाही, आंब्याखालचे सगळे गेले.

पण जे जगले ते जबरदस्त. दिवाळीनंतर एका ठोंबाशेजारी टिकावाने खणलं तर दोन हात खाली गेलो तरी मुळी संपेना, बारीक दोऱ्यासारख्या सरळ खाली गेलेल्या, ओढली तर मातीचं ढेकूळच लटकत वर आलं. चांगल्या जागी वर्षात 3 मीटर जाते म्हणतात, पटलं. आडवी पसरत नाही त्यामुळे शेजारच्या कांद्याला त्रास नाही. रब्बीची आवर्तनं झाली, एकदाही फुटला नाही, घुशी मात्र आहेतच.

पुढच्या वेळी इथूनच घेईन पण पोतं ओतून, एकेक ठोंब बघून.

आई म्हणते माठात टाकायला चार मुळ्या काढ की, एवढा वाळा लावलाय. मुळ्या काढल्या तर बांध परत मोकळा, तिला नाशिकच्या भद्रकाली बाजारातून जुडी आणून दिली.