भोसरीच्या लॅबमध्ये साठ दात मोडून आणले

मी नाशिकची, एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला, कॉन्सला, म्हणजे फिलिंगच्या विभागात. थिसिसचा विषय डेंटिनवरची (दाताच्या बाहेरच्या कडक इनॅमलखालचा थर) शिअर बाँड स्ट्रेंग्थ, म्हणजे फिलिंग दाताला किती घट्ट चिकटलंय ते आडवा जोर लावून, तोडून बघायचं. आमच्या कॉलेजात यूटीएम, म्हणजे वस्तू ताणून-दाबून तोडत जोर मोजणारं मशीन, नाही. त्यामुळे ज्युनिअर्स दर आठवड्याला विचारतात, "ताई, सँपल्स कुठे केलेत? कसं आहे तिथे?" एकदाच सविस्तर लिहून टाकते. लॅबचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत. अशा लॅब पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत बऱ्याच आहेत आणि हे अनुभव त्यातल्या कुठेही येऊ शकतात.

माझे साठ प्रीमोलर (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात), सगळे ब्रेसेससाठी काढलेले. बाँडिंगच्या, म्हणजे फिलिंग चिकटवणाऱ्या द्रावाच्या, प्रकारांप्रमाणे तीन गट: टोटल-एच, सेल्फ-एच, युनिव्हर्सल. वरचं इनॅमल घासून सपाट डेंटिन उघडं केलं, बाँडिंग लावलं, वर 3 मिलिमीटर व्यासाचं कंपोझिटचं (दाताच्या रंगाचं फिलिंग) बटण क्युअर केलं, म्हणजे प्रकाशाने कडक केलं. गट ओळखता यावेत म्हणून अ‍ॅक्रिलिकचे ठोकळे गुलाबी, पांढरे आणि पारदर्शक. 37 अंशांच्या पाण्यात चोवीस तास ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, डब्यात काय गं? खरं सांगितलं. त्या पुढच्या स्टॉपला जागा बदलून गेल्या.

ही लॅब मुळात सळया आणि वेल्डिंग तपासणारी. दारावर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) पाटी आहे, तिला भुलू नका. ती मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, आणि इथल्या यादीत दात नाहीत. मशीनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर होतं, तारीख चालू होती, ते मात्र चांगलं.

पहिली भानगड लोड सेलची, म्हणजे मशीनमधल्या जोर मोजणाऱ्या भागाची. मशीनला 50 किलोन्यूटनचा सेल लावलेला. माझी बटणं शंभर-दीडशे न्यूटनला तुटणार. म्हणजे त्या सेलच्या क्षमतेच्या 0.3 टक्के! पोती तोलायच्या काट्यावर वेलची तोलण्यातला प्रकार. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे 1 किलोन्यूटनचाही सेल कपाटात आहे, बदलायला अर्धा तास लागतो, म्हणून कोणी मागितल्याशिवाय लावत नाहीत. माझ्या आधी येऊन गेलेल्यांपैकी किती जणांनी मागितला असेल, हा विचार मी सोडून दिला. तुम्ही फोनवरच मागा.

आता मशीनवरच्या काकांबद्दल. या लॅबला मी जे काही तारे देतेय त्यातले निम्मे त्यांचे. दातांबद्दल त्यांना काडीची माहिती नाही, पण धातू कळतो. मशीनच्या छिन्नीचं पातं बटण आणि दात यांच्या सांध्यावर अगदी टेकून उतरायला हवं. ते जरा लांब, बटणाच्या टोकाकडे लागलं तर सांधा कातरला जायच्या ऐवजी बटण वाकवून उचकटलं जातं, आणि मग आकडा कशाचा आला ते देवालाच ठाऊक. मी हे हातवारे करून समजावत होते. काकांनी खिशातून फिलर गेज काढला (गॅरेजमध्ये प्लगची फट मोजायला वापरतात तो), एक पाती सरकवून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा ठोकळाच वाकडा आहे." होताच. चौदा ठोकळे वाकडे निघाले, माझ्याच हातचे. त्यांनी प्रत्येकाखाली पातळ पत्र्याची पट्टी घालून लेव्हल केला. एका सँपलला सहा-सात मिनिटं, वेग मिनिटाला 1 मिलिमीटर. स्क्रीनवर रेघ चढत जाते, मग बारीक 'टक' होतं आणि तीन महिन्यांचं काम ट्रेमध्ये पडतं.

मंगळवारी तीस तोडले. उरलेले तीस थर्मोसायकलिंगला ठेवले: 5 अंश आणि 55 अंश अशा दोन टाक्यांत आलटून पालटून बुडवायचे, तोंडातल्या गरम चहा आणि कुल्फीची नक्कल. आयएसओच्या 11405 या दातांच्या बाँडिंग चाचणीच्या मानकात 500 फेऱ्या आहेत. आमच्या गाइड मॅडमना 5,000 हव्या होत्या. एक फेरी 50 सेकंदांची, म्हणजे सलग साधारण 70 तास. मंगळवारी सकाळी दहाला सुरू केलं तर शुक्रवारी सकाळी संपणार. मध्ये गुरुवार येतो, आणि गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते, हे नाशिकच्या माणसाच्या डोक्यात कसं येणार? लॅबच्या मात्र यायला हवं होतं. इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरला. वीज आली तेव्हा काउंटर शून्यावर. त्यांनी आपणहून फोन करून सांगितलं, हा प्रामाणिकपणा. वेळेवरून हिशोब केला, 48 तासांत सुमारे 3,450 फेऱ्या झालेल्या. उरलेल्या 1,550 पुढे चालवून घेतल्या आणि थिसिसमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत.

शनिवारी परत जाऊन बाकीचे तोडले. रविवारी एक्सेल आली आणि मी रडायच्या बेतात. टोटल-एचचं पहिलंच सँपल 11.8 मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला न्यूटन). पण ते मी डोळ्यांनी 148 न्यूटनला तुटताना बघितलं होतं, वहीत लिहिलंही होतं. 3 मिलिमीटरच्या बटणाचं क्षेत्रफळ 7.07 चौरस मिलिमीटर. 148 भागिले 7.07, म्हणजे 20.9. मग 11.8 आलं कुठून? फॉर्म्युल्यात व्यास 4 होता. आधीच्या कोणाची तरी शीट, तीच पुढे ढकललेली. फोन केल्यावर दहा मिनिटांत दुरुस्त करून पाठवली, "सॉरी मॅडम, टायपिंग मिस्टेक." सगळ्या गटांना एकच चूक लागल्यामुळे गटांमधली तुलना बिघडली नसती, स्टॅटिस्टिशियनच्या लक्षातही आलं नसतं. फक्त जगाला कळलं असतं की माझी बाँडिंग्ज निम्म्या ताकदीची आहेत. म्हणून मेगापास्कलचा कॉलम घेऊन निघू नका. प्रत्येक सँपलचे न्यूटन आणि ग्राफ मागा, ते फुकट देतात.

(1955 मध्ये बुओनोकोर या दंतवैद्याने इनॅमलला फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून अ‍ॅक्रिलिकचे थेंब थेट माणसांच्या दातांवर चिकटवले आणि ते किती वेळ टिकतात ते बघितलं. एक्सेल नव्हती, सुखी माणूस.)

तुटलेली जागा बघायचा स्टिरिओमायक्रोस्कोप ठीकठाक. फोटोचे वेगळे पैसे लावतात, मी मोबाइल आयपीसला लावून काढले. पाच सँपल्समध्ये सांधा शाबूत आणि डेंटिनच तुटलेलं दिसलं. अशा वेळी आलेला आकडा बाँडचा नसतो, त्यामुळे ही तपासणी पैसे वाचवायला गाळू नका.

खर्च: 60 सँपल्सचे 200 रुपयांप्रमाणे 12,000, थर्मोसायकलिंग 6,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 21,240. पावती पक्की मिळते.

पाचपैकी साडेतीन तारे. सोबत न्यायचं: स्वतःची वही, डिस्टिल्ड वॉटर, चिमटा, आणि बसायला काहीतरी, कारण मशीनजवळ स्टूल एकच आहे आणि ते काकांचं. थर्मोसायकलिंग शुक्रवारी सुरू करा.