पन्हळी केमिकलने धुऊन घेताय? आधी कॅनमधली पातळी बघा

पन्हळी आणि वळचणीच्या पट्ट्या केमिकलने धुऊन देतो म्हणत येणाऱ्या टोळ्यांची पद्धत एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. "शेजारी काम चालूच आहे, माल उरलाय," मग हाताच्या उंचीवर झटपट प्रात्यक्षिक, मग आगाऊ रक्कम. ते परत उगाळत नाही. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही: शिडीच्या वर, जिथे मालकाची नजर पोचत नाही, तिथे नेमकं काय करतात आणि ते खाली उभं राहून कसं ओळखायचं. आमच्याकडून ७० टक्के आगाऊ घेतले, उरलेले ३० टक्के भिंत ओली असतानाच वसूल केले. वाळल्यावर जे दिसलं ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

बिलातले आकडे असे. पन्हळ ४० मीटर, तेवढीच फेशिया पट्टी (छपराच्या कडेची उभी पट्टी) आणि वळचणीची खालची फळी. १२.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, बोलीत हायपो, ६० लिटर. सर्फॅक्टंट, म्हणजे द्रावण पृष्ठभागाला चिकटवणारं साबणासारखं रसायन, ५ लिटर. "चमक परत आणणारं" केमिकल ५ लिटर. दर लिटरवर, मजुरी वेगळी. लिटरवर दर, हीच पहिली गोम. या धंद्यातला सरळ माणूस काम मीटरवर घेतो, कारण केमिकल किती थोडं लागतं हे त्याला माहीत असतं.

हिशोब करून बघा. पन्हळीचा दर्शनी भाग १५ सेंमी, फेशिया २०, खालची फळी ४०. पाऊण मीटर रुंदी, ४० मीटर लांबी, म्हणजे ३० चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर तयार द्रावण पुरतं. खालून वर मारताना बरंच गळतं म्हणून चांगलं एक लिटर धरा. झालं ३० लिटर. रंगवलेल्या पृष्ठभागावरच्या शेवाळाला आणि बुरशीला १ टक्का ताकद पुष्कळ झाली. १२.५ टक्क्यांच्या हायपोपासून १ टक्क्याचं १० लिटर द्रावण करायला ८०० मिली हायपो आणि ९ लिटर २०० मिली पाणी लागतं. म्हणजे सगळ्या कामाला २ लिटर ४०० मिली. माल जुना होऊन १० टक्क्यांवर उतरला असेल तर ३ लिटर. बिल ६० लिटरचं! सरळ पंचवीसपट. सर्फॅक्टंट लिटरभर द्रावणाला ८ ते १० मिली टाकतात, म्हणजे ३०० मिलीत काम आटोपतं. बिलात ५ लिटर.

बरं, निदान ते ६० लिटर तरी वापरले? तेही नाही. खरा संताप इथे आहे.

प्रेशर वॉशरशेजारी २० लिटरचे तीन कॅन ओळीने मांडलेले. पहिल्या कॅनमध्ये पारदर्शक सक्शन नळी सोडलेली. दिसायला सगळं रीतसर. आता यंत्र समजून घ्या. पंपाच्या पुढे जो इंजेक्टर बसवतात त्यात एक अरुंद वाट असते, शिवाय बारीक गोळी आणि स्प्रिंग. पाणी मोकळेपणी वाहिलं तरच तिथे ओढ तयार होते आणि कॅनमधलं केमिकल नळीतून चढतं. म्हणून केमिकल मारताना बंदुकीला मोठ्या भोकाचं, कमी दाबाचं नोझल लावावंच लागतं. बहुतेक संचांत ते काळं असतं. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं ही जास्त दाबाची. त्यातलं कुठलंही लावलं की दाब मागे चढतो, गोळी घट्ट बसते आणि एक थेंबसुद्धा ओढला जात नाही. नळी कॅनमध्ये बुडालेली, यंत्र घरघरतंय, वर फवारा उडतोय, आणि तो फवारा निव्वळ पाण्याचा.

बंदुकीवर पिवळं नोझल होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिवळंच. काळं नोझल लान्सवरच्या (बंदुकीच्या लांब नळीवरच्या) रबरी पट्टीत खोचलेलं, कोरडं ठणठणीत. पारदर्शक नळीत द्रव सरकत नव्हता, एक बुडबुडा मध्येच अडकून होता तो तिथेच राहिला. कॅनच्या अंगावर लिटरच्या खुणा उमटवलेल्या असतात. पातळी २० च्या खुणेवरून हलली नाही. फसवणूक उघडी पडायची जागा हीच होती, चार हातांवर, डोळ्यांसमोर. पण कॅनकडे बघतो कोण? सगळ्यांच्या माना वर, पन्हळीकडे. "बघा, कसं निघतंय, बघा" हे ते सारखं ओरडतात ते उगाच नाही. खाली कुणी बघू नये म्हणूनच ओरडतात. क्लोरीनचा वास येत होता, म्हणून शंकाही आली नाही. वासाचा उलगडा नंतर झाला. मगभर हायपो जमिनीवर ओतलेलं होतं, त्याचा पांढरा डाग अजून आहे. असं नाटक रचल्यावर भलाभला फसेल. यात भोळेपणा वगैरे काही नाही, आणि ज्यांना "तुम्हीच लक्ष द्यायचं होतं" म्हणायचंय त्यांनी आधी इंजेक्टर उघडून बघावा.

अजून एक ताळा लक्षात ठेवा. असा इंजेक्टर नीट ओढत असेल तर साधारण दहा भाग पाण्याला एक भाग केमिकल ओढतो. म्हणजे १२.५ टक्क्यांचं हायपो भिंतीवर पोचतं ते १.१ टक्का होऊन. या प्रमाणात ६० लिटर संपवायला ६०० लिटर पाणी जायला हवं, आणि मिनिटाला १० लिटर देणाऱ्या यंत्रावर त्यासाठी तासभर सलग ट्रिगर दाबून धरावा लागेल. पाइप फार लांब असेल तर ओढ आणखी कमी. कुणी वीस मिनिटांत "तीन कॅन संपले" म्हणत असेल तर ते कॅन आणले तेव्हाच रिकामे होते, किंवा अजून भरलेले आहेत.

वजनावर भरवसा ठेवू नका. ताजं १२.५ टक्के हायपो पाण्यापेक्षा जड असतं, २० लिटरचा ऐवज २३ किलोच्या वर भरतो, त्यामुळे कॅन उचलून "माल अस्सल आहे" असं दाखवतात. पण ऊन आणि उष्णतेने क्लोरीनची ताकद उतरली तरी मीठ आतच राहतं आणि वजन जवळपास तेवढंच. मेलेला मालही जडच लागतो. उत्पादनाची तारीख बघा. खात्री हवी असेल तर नोझलमधून बाहेर पडणारं द्रावण भांड्यात धरा, त्यातलं १ मिली सिरिंजने घेऊन १ लिटर साध्या पाण्यात मिसळा आणि पोहण्याच्या तलावाची क्लोरीन पट्टी त्यात बुडवा. भिंतीवर १ टक्का पोचत असेल तर पट्टी १० पीपीएमच्या (दहा लाखात दहा भागांच्या) आसपास दाखवेल. पट्टी थेट द्रावणात घालू नका. जास्त क्लोरीनने तिचा रंगच उडतो आणि चक्क शून्य दिसतं, मग तोच माणूस तुम्हाला वेड्यात काढेल.

प्रात्यक्षिकाचीही एक खुबी होती. पन्हळीच्या दर्शनी भागावर ज्या काळ्या उभ्या रेघा पडतात ते शेवाळ नव्हे. छपरावरचा मळ काठावरून ओघळतो आणि जुन्या रंगाच्या भुकटीला चिकटून बसतो. तिथे जिवंत काही नाही, त्यामुळे हायपो त्याला ढिम्म करत नाही. ब्युटाइल जातीचं डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं रसायन) लावून मऊ ब्रशने हाताने घासावं लागतं. प्रात्यक्षिक उतरत्या पाइपावर झालं, हाताच्या उंचीवर, फडक्याने घासून. ते फडकं आधीच डिग्रीझरने भिजवलेलं. आणि तोंडाने काय? "हेच हायपो वर जमिनीवरूनच मारतो, हात लावायची गरज नाही." फवाऱ्याने होणारं काम घासून का दाखवतोस, एवढा एक प्रश्न पुरला असता.

वर नुसता पिवळ्या नोझलचा झोत मारला. जुना रंग उन्हाने भुकटतो. गडद कापड फिरवलं की खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते. काम देण्याआधी ही परीक्षा कराच. पूड लागली तर त्या पृष्ठभागावर जोराचा झोत चालत नाही, कारण जिथून झोत फिरतो तिथलीच पूड उडते आणि मधली राहते. पण ओलं असताना यातलं काही दिसत नाही. भुकटलेला रंग पाण्याने भिजला की गडद आणि नवाकोरा भासतो. त्या चार घटकांतच पैसे मागतात. पाण्यात म्हैस आणि वर मोल. वाळल्यावर सगळ्या पन्हळीवर झोताचे आडवेतिडवे फराटे उमटले, काळ्या रेघा होत्या तिथेच. उरलेली रक्कम पृष्ठभाग पूर्ण वाळल्याशिवाय देऊ नका. कितीही घाई करू देत.

त्या "चमक परत आणणाऱ्या" केमिकलबद्दल: ते आम्ल होतं. ते मात्र खरोखर मारलं, दुर्दैवाने. जस्ताचा मुलामा असलेल्या क्लॅम्पवरचं जस्त आम्लात विरघळतं, उघड्या अॅल्युमिनियमवर पांढुरके चट्टे येतात, आणि दोन्ही आता दिसताहेत. नशीब एवढंच, की आधी हायपो मारलंच नव्हतं. हायपोवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि शिडीच्या टोकावर तो छातीत गेला तर माणूस खालीच येतो. हायपो आणि अमोनिया असलेलं क्लीनरही एकत्र आणू नका. अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडाही चालत नाही. कॅनवर नाव, टक्केवारी आणि इशारे छापलेलं लेबल नसेल तर तो कॅन फाटकाच्या आतच येऊ देऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलिस म्हणाले, काम तर झालंय, दर्जाबद्दल वाद असेल तर तो दिवाणी. दर्जाचा वाद? ६० लिटरचे पैसे घेऊन ६० मिलीही भिंतीला लागलं नाही, याला दर्जा म्हणतात? ग्राहक तक्रार कक्षाने विचारलं, वापरलेल्या द्रावणाचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का. जे द्रावण वापरलंच नाही त्याचा अहवाल आणायचा कुठून? कॅन भरलेले परत नेले हे सांगितलं, तर म्हणे परत नेल्याची पावती दाखवा. चोराने चोरीची पावती द्यायची! जमिनीवर ओतलेल्या हायपोबद्दल सांडपाणी बघणाऱ्या विभागाला कळवलं, तर उलट आम्हालाच समज: रसायन तुमच्या आवारातून नाल्यात गेलं, जबाबदारी तुमची. बिलावरचा नंबर लागत नाही, पत्ता अर्धवट, हे सांगितल्यावर एका टेबलावरून उत्तर आलं, "मग नोटीस कुणाला पाठवायची ते तुम्हीच शोधून आणा." फोटोंवर "ओल्या पृष्ठभागाचे असल्याने निष्कर्ष काढता येत नाही" असा शेरा मारला, आणि वाळल्यानंतरचे फोटो दिले तर "कामानंतर केव्हा काढले ते सिद्ध होत नाही." दोन्ही शेरे एकाच सहीचे.

म्हणून पुरावा कामाच्या आधीच तयार ठेवायचा. कॅनवर पातळीशी कायम मार्करने रेघ ओढून फोटो, काम संपल्यावर त्याच कॅनचा फोटो, बंदुकीवरच्या नोझलचा फोटो, लेबलचा फोटो. रिकामे कॅन तुमच्याकडेच राहतील हे लिहून घ्या. फक्त एवढी अट घातली तरी अर्धे जण काम सोडून निघून जातात.

नीट काम कसं दिसतं तेही माहीत असू द्या. उंच पन्हळीला जोराचा झोत लागतच नाही. सॉफ्ट वॉशचा, म्हणजे कमी दाबाच्या धुण्याचा, डायफ्रॅम पंप जेमतेम ६० ते १०० पीएसआय दाब देतो आणि लांब दांड्याच्या टोकाच्या पंखा नोझलने द्रावण वर पोचतं. आधी खालची झाडं भरपूर भिजवतात. द्रावण खालून वर लावतात, म्हणजे कोरड्यावर ओघळ उतरून डाग पडत नाहीत. ५ ते १० मिनिटं ओलं ठेवतात, वाळू देत नाहीत, आणि धुणं वरून खाली. भर उन्हात कुणी सुरुवात केली तर थांबवा. वळचणीच्या हवेच्या फटींत खालून वर फवारा मारणारा माणूस छपराच्या आत पाणी भरतोय. शिडी पन्हळीला टेकवणारा पन्हळ वाकवणार; शिडीला भिंतीवर टेकणारा आडवा आधार हवा आणि चार भाग उंचीला एक भाग अंतर. शिडीवर उभं राहून जोराच्या झोताची बंदूक चालवणाऱ्याला तर लगेच खाली बोलवा, मागे बसणारा धक्का त्याला पाडेल. लाकडी पट्ट्यांना हायपोऐवजी सोडियम परकार्बोनेट मागा. हायपोने लाकडाचे तंतू उभे राहतात.

आमच्यासारखं ज्यांचं आधीच झालंय त्यांनी फराट्यांवर आणखी झोत मारू नये. सगळी पन्हळ मऊ ब्रशने एकसारखी घासून पूड पूर्ण काढणं आणि मग रंग देणं, एवढाच मार्ग उरतो. जस्त गेलेले क्लॅम्प बदला. स्क्रूखाली गंजाचे ओघळ आले असतील तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल चालतं, पण त्याआधी तो भाग भरपूर पाण्याने धुऊन वाळू द्या, आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका.