लॉन मोअरची दुरुस्ती की नवी खरेदी : मध्य न्यू जर्सीतील एका छोट्या दुकानाविषयी अभिप्राय

न्यू जर्सीत स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत गवत कापण्याच्या कामातून सुटका नसते. मे महिन्यात एक दिवस पाऊस आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन असे सुरू झाले, की फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास या जातींचे गवत आठवड्यातून दोनदा कापावे लागते आणि यंत्र बंद पडते तेही नेमके याच दिवसांत. गवत ठरावीक उंचीच्या वर गेले, की अनेक टाउनशिपांची नोटीस दारावर लागते. त्यामुळे बहुतेक जण घाईघाईने मोठ्या दुकानातून चारशे ते सहाशे डॉलरचे नवे यंत्र आणतात आणि जुने यंत्र कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवून देतात. त्यांतली बरीचशी यंत्रे शंभर-सव्वाशे डॉलरच्या आत उत्तम चालू झाली असती, असे माझे आता ठाम मत आहे. ते मत ज्या दुकानामुळे बनले, त्याविषयी हा अभिप्राय आहे.

दुकान एडिसनपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका जुन्या राज्य महामार्गाच्या कडेला आहे. साठी ओलांडलेले मालक स्वतः यंत्रे उघडतात आणि त्यांची मुलगी काउंटर सांभाळते. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण छोट्या इंजिनांची दुरुस्ती करणारे असे एखादे दुकान बहुतेक गावांच्या आसपास सापडतेच. तेथे काय पाहावे आणि काय विचारावे हे कळले, तर वाचकाला आपल्या भागातले दुकान स्वतःच पारखता येईल.

आम्ही घर घेतले तेव्हा आधीच्या मालकांनी मागच्या शेडमध्ये २१ इंची पात्याचा, स्वतःहून पुढे चालणारा मोअर ठेवून दिला होता. टाकी अर्धी भरलेली होती. दोरी ओढली की इंजिन चालू होई, पण त्याचा आवाज सतत चढे आणि उतरे, आणि जाड गवतात शिरताच ते बंद पडे. ते दुकानात नेले तेव्हा मालकांनी पहिला प्रश्न इंजिनाविषयी विचारलाच नाही. टाकीतले पेट्रोल कधीचे आहे, एवढेच विचारले. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरखालची वाटी एकच बोल्ट काढून उघडली. तिच्या तळाशी पेट्रोलपासून वेगळे झालेले पाण्याचे थेंब स्पष्ट दिसत होते आणि कडेला पांढरट-हिरवट पुटे चढली होती. मग त्यांनी मुख्य जेट काढून दिव्यासमोर धरले आणि मला बघायला सांगितले. पितळेच्या त्या नळीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे भोक असायला हवे होते. तेथे प्रकाशाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

घरगुती मोअरच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या एका जेटमध्ये असते, त्यामुळे हे का घडते ते थोडे सविस्तर सांगतो. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिन नेमके तळातूनच इंधन घेते. शिवाय पेट्रोलमधले हलके घटक उडून गेले, की मागे राहिलेल्या भागाचा चिकट थर जमतो. पूर्वीच्या कार्ब्युरेटरना मिश्रण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असे आणि त्यांची भोकेही मोठी असत. प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तिसऱ्या टप्प्याचे नियम २०१२ पासून या आकाराच्या इंजिनांना लागू झाले, आणि तेव्हापासूनचे कार्ब्युरेटर कमी इंधनावर चालतील असे कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. हवा स्वच्छ राहण्यासाठी हे नियम योग्यच आहेत, पण त्यामुळे बारीकसा कचराही आता इंजिन अडवायला पुरतो. इंजिनाचा आवाज चढ-उतार करतो, तो पुरेसे इंधन मिळत नसल्यामुळे. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर ती कमतरता भरून काढण्यासाठी झडप उघडत आणि मिटत राहतो. भारतातही आता पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. कोकणात आंबा-काजूच्या बागांतून ग्रासकटर वापरणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर टाकीत उरलेल्या पेट्रोलकडे याच दृष्टीने पाहावे.

मालकांनी कार्ब्युरेटर पूर्ण सुटा करून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतला आणि वाटीचे रबरी सील, इंधनाची नळी, स्पार्क प्लग व एअर फिल्टर बदलला. ऑइल बदलून पात्याला धारही लावली. सारे मिळून १२८ डॉलर झाले. तपासणीचे ४० डॉलर आधी घेतात, पण दुरुस्ती तेथेच केली तर ते अंतिम रकमेतून वजा होतात. ही पद्धत मला अत्यंत रास्त वाटते, कारण तपासणी हे कौशल्याचे काम आहे आणि ते फुकट करून देणारा माणूस त्याची किंमत पुढे कोठेतरी वसूल करतोच. बदललेले प्रत्येक जुने सुटे भाग पिशवीत घालून परत दिले होते आणि बिलावर प्रत्येकाची किंमत स्वतंत्र लिहिली होती.

यंत्र अजिबात चालू होत नसेल तर हे दुकान आणखी एका गोष्टीकडे आधी पाहते आणि ती गोष्ट प्रत्येक घरमालकाला माहीत असावी. दांड्यावरची कडी सोडली की पाते ३ सेकंदांच्या आत थांबलेच पाहिजे, असा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा नियम मागून चालत ढकलायच्या मोअरना १९८२ पासून लागू आहे. बहुतेक यंत्रांत यासाठी इंजिनाच्या चाकावर ब्रेक बसतो आणि त्याच वेळी ठिणगीही तोडली जाते. कडीपासून इंजिनापर्यंत जाणारी तार काही वर्षांनी सैल पडते. मग कडी पूर्ण दाबली तरी ब्रेक सुटत नाही आणि ठिणगी मिळत नाही. वापरणारा दोरी ओढून थकतो आणि इंजिन गेले असे समजतो. प्रत्यक्षात वीस-पंचवीस डॉलरची तार बदलायची असते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे यंत्र या कारणासाठी येथे आले, तेव्हा तार बदलण्याचीही गरज पडली नाही. ती ताणून बसवली, वर पात्याला धार लावली आणि पैसे फक्त धारेचे घेतले. या प्रामाणिकपणाला मी सर्वाधिक गुण देतो.

याउलट अनुभव एका मोठ्या साखळी दुकानाच्या सेवा केंद्राचा आला. आमच्या शेजाऱ्यांचे यंत्र हमीच्या मुदतीत होते, म्हणून त्यांनी ते खरेदी केलेल्या ठिकाणीच दिले. तेथून ते दूरच्या केंद्रावर पाठवले गेले आणि जवळजवळ संपूर्ण मे महिना त्यांना गवत कापण्यासाठी बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागले. शेवटी जुन्या पेट्रोलमुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही, एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह यंत्र परत आले. हा शेरा नियमाला धरूनच आहे, कारण जवळपास कोणतीही कंपनी इंधनामुळे झालेला बिघाड हमीत धरत नाही. पण तो पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगता आला असता. हमीविषयी एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. बाहेरच्या दुकानातून तेल बदलून घेतले किंवा धार लावून घेतली, एवढ्यावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाला हे संरक्षण दिले आहे.

दुरुस्ती कधी करू नये, हेही हे दुकान तितक्याच स्पष्टपणे सांगते. एका परिचित कुटुंबाच्या मोअरचे पाते जमिनीत दडलेल्या खुंटावर आदळले आणि त्यानंतर यंत्र हातांना झिणझिण्या येतील इतके थरथरू लागले. मालकांनी स्पार्क प्लगची वायर काढली, यंत्र एका कुशीवर कलते केले, पात्याच्या एका टोकापासून डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या आवरणाच्या, कडेपर्यंतचे अंतर मोजले आणि मग पाते अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाचे मोजले. अंतरात फरक होता. नवे पाते बसवून पाहिले तरी फरक तसाच राहिला, म्हणजे दोष पात्यात नव्हता, पाते फिरवणारा इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, वाकला होता. अशा वेळी नवे इंजिन आणि मजुरी मिळून नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ खर्च जातो, आणि वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करणे धोक्याचे असते. मालकांनी काम घेतले नाही. फक्त डेक गंजून भोके पडली असतील, तरीही ते हेच सांगतात, कारण फिरत्या पात्याखालून उडालेला दगड त्या भोकातून पायावर येऊ शकतो.

त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारे मोअर विक्रीला असतात. तरीही त्या कुटुंबाला त्यांनी बॅटरीवर चालणारा मोअर घ्यावा असे सुचवले, आणि त्यामागचा हिशेब मला पटला. पाव एकराचा प्लॉट म्हणजे सुमारे १०,९०० चौरस फूट. त्यातून घर, ड्राइव्हवे आणि झाडांखालची जागा वजा केली, तर कापायचे गवत सहा-सात हजार चौरस फुटांपेक्षा जास्त उरत नाही. एवढे काम ५६ व्होल्टची चांगली बॅटरी एका चार्जमध्ये सहसा पुरे करते, आणि कार्ब्युरेटर, जुने पेट्रोल व स्पार्क प्लग हे सारे प्रश्न मुळातच उरत नाहीत. खर्चाची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. इगोसारख्या कंपन्या घरगुती वापरासाठी यंत्राला ५ वर्षांची हमी देतात, पण बॅटरीला ३ वर्षांचीच, आणि मोठी बॅटरी पुढे वेगळी विकत घ्यावी लागली तर यंत्राच्या किमतीचा बराच मोठा हिस्सा तिच्यातच जातो. अर्ध्या एकराच्या पुढे जागा असेल, किंवा ओले, उंच गवत नेहमी कापावे लागत असेल, तर ते अजूनही पेट्रोलचाच मोअर सुचवतात. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेट्रोल मोअरचे उत्पादन थांबवले, तेव्हा ज्यांच्याकडे होंडाचे यंत्र होते त्यांच्यापैकी अनेकांना ते लगेच निकामी होईल अशी धास्ती वाटली. सुटे भाग आजही मिळतात आणि या दुकानात ती यंत्रे नियमित दुरुस्त होतात. केवळ त्या बातमीमुळे चांगले यंत्र काढून टाकण्याचे काहीच कारण नाही.

आता दुकानाच्या उणिवा. एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत येथे यंत्र दिले, की तीन आठवड्यांपूर्वी परत मिळत नाही आणि तेवढ्या काळासाठी बदली यंत्र मिळण्याची सोय नाही. फोन बराच वेळ कोणी उचलत नाही. समक्ष जाणेच बरे. शनिवारी दुकान दुपारी बंद होते आणि रविवारी उघडतच नाही, ही नोकरदारांची मोठीच अडचण आहे. यंत्र घरून नेण्या-आणण्याचे वेगळे ५० डॉलर पडतात. ज्यांच्या गाडीत मोअर मावत नाही, त्यांच्यासाठी छोटी दुरुस्ती त्यामुळे महाग होते. बॅटरीच्या यंत्रांना येथे फक्त धार लावून मिळते, त्यांची विजेची दुरुस्ती होत नाही. इंटरनेटवरून पंधरा-वीस डॉलरला मागवलेले कार्ब्युरेटर ते बसवून देत नाहीत. त्या कार्ब्युरेटरच्या जेटचे माप मूळ भागाशी जुळेलच याची खात्री नसते, हे त्यांचे कारण योग्य आहे. पण ज्या यंत्राची एकूण किंमतच दोनशे डॉलर आहे, त्याच्यासाठी ग्राहक स्वतःच्या जबाबदारीवर तो भाग आणत असेल, तर मजुरी घेऊन बसवून द्यायला हरकत नसावी, असे मला वाटते.

सर्व्हिसिंगसाठी त्यांनी दिलेल्या सूचना छापील कागदावर मिळतात आणि त्या मी तंतोतंत पाळतो. पेट्रोल महिनाभर पुरेल एवढेच आणावे. न्यू जर्सीत आपण स्वतः पंप हाताळू शकत नाही, तेव्हा डबा भरून घेतानाच पंपावरच्या माणसाला साधे ८७ ऑक्टेन सांगावे. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल छोट्या इंजिनात घालण्यास कायद्यानेच मनाई आहे. पेट्रोल जास्त दिवस टिकवणारा स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच मिसळावा, कारण शिळे झालेले पेट्रोल त्याने सुधारत नाही. हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इथेनॉल नसलेले डबाबंद इंधन हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण ते गॅलनला वीस डॉलरच्या पुढे जाते. वर्षभर तेच वापरणे परवडणारे नाही, हंगामातल्या शेवटच्या कापणीला मात्र ते घालावे. यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाही तर तेल फिल्टरमध्ये उतरते.

हिवाळ्यात, जानेवारी आणि फेब्रुवारीत, दुकान जवळजवळ रिकामे असते. तेव्हा तेल, प्लग, फिल्टर, धार आणि कार्ब्युरेटरची सफाई एवढे सगळे ठरावीक दरात, मे महिन्यापेक्षा वीस टक्के कमी पैशांत होते आणि यंत्र आठवड्याच्या आत परत मिळते. नेताना टाकी रिकामी असावी आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक व इंजिनावर कोरलेला क्रमांक दोन्ही कागदावर लिहून न्यावेत, कारण सुटे भाग इंजिनाच्या क्रमांकावरून मागवले जातात आणि डेकवरच्या कंपनीचे नाव त्यासाठी उपयोगी पडत नाही.