ऑस्ट्रियन साहित्यात पीएचडी: व्हिएन्ना की जर्मनी?

जर्मनमध्ये एमए झालं, बाखमान, बर्नहार्ड किंवा येलिनेक अशा एखाद्या ऑस्ट्रियन लेखकावर काम करायचं हेही पक्कं झालं, की बहुतेक विद्यार्थी डोळे झाकून व्हिएन्ना धरतात. माझं म्हणणं असं, की आपल्या लेखकाची कागदपत्रं कुठे आहेत ते आधी पाहावं.

इंगेबोर्ग बाखमान, एर्न्स्ट यांडल, होरवाट यांची हस्तलिखितं व्हिएन्नात, राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण कितीतरी ऑस्ट्रियन लेखकांचे प्रकाशक जर्मन होते. झूरकांप प्रकाशनाचं दप्तर 2009 मध्ये मारबाखच्या जर्मन साहित्य संग्रहालयाकडे गेलं. त्यामुळे थॉमस बर्नहार्ड पैशांवरून प्रकाशकाशी कसा भांडायचा, ते मूळ पत्रांत वाचायचं तर श्टुटगार्टजवळच्या या लहानशा गावीच जावं लागतं. काफ्काच्या ‘डेअर प्रोत्सेस’चं (इंग्रजीत ‘द ट्रायल’) हस्तलिखितही तिथेच आहे.

व्हिएन्नाची खरी ताकद मात्र कपाटांबाहेर आहे. हिटलरने 1938 मध्ये हेल्डेनप्लात्झ चौकात प्रचंड गर्दीपुढे भाषण केलं. बर्नहार्डने त्याच चौकाचं नाव दिलेलं नाटक 1988 मध्ये बुर्गथिएटरला आलं आणि देशभर गदारोळ उठला. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वाचनकक्षांत याच चौकातून जातात, आणि नाट्यगृह तिथून चालत जाण्याइतकं जवळ. त्या नाटकाचा राग इतका का आला, हे या परिसरात वावरताना जसं उमगतं, तसं मारबाखला बसून उमगणार नाही. नाटक, राजकारण, युद्धाच्या आठवणी हा विषय असेल तर मी बिनधास्त व्हिएन्ना सांगेन. प्रकाशनव्यवहार, पत्रव्यवहार, पाठसंपादन असेल तर जर्मनी.

पैशांचं थोडक्यात: जर्मनीत पीएचडीला सहसा शिक्षणशुल्क नसतं, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. ऑस्ट्रियात युरोपाबाहेरच्यांना साधारणपणे सत्राला 726.72 युरो पडतात. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था म्हणजे जर्मनीत डाड (DAAD), ऑस्ट्रियात ओएआडी (OeAD).

नोकरीचं चित्र दोन्हीकडे कठीण आहे, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. जर्मनीत विद्यापीठं जास्त, म्हणून जागाही जास्त. पण मुदतीच्या करारांना पीएचडीआधी 6 आणि नंतर 6 वर्षांची मर्यादा आहे. ऑस्ट्रियात एकाच विद्यापीठात मुदतीच्या नोकऱ्या सहसा एकूण 8 वर्षांपर्यंतच. परत येऊन शिकवायचा विचार असेल, तर जर्मन विषयातली नेट परीक्षा आधीच देऊन ठेवा.

दोन्ही संग्रहांच्या सूची ऑनलाइन मोफत पाहता येतात. लेखकाचं नाव टाकून तासभर घालवा आणि मगच मार्गदर्शकाला ईमेल लिहा.